बोटभर गुळवेल

नखानं पापुद्रा सोलला की आत हिरवं, ओलसर... आणि चाकूनं आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. सुकदेवनं तो तुकडा नाकाशी नेला. आमलीतल्या त्या खोलीत स्टो फरफरत होता, खाट रिकामी होती, आणि तो हातातल्या कांडालाच विचारत होता – तू गुळवेलच आहेस ना?

त्याची बायको सोनी सरकारी दवाखान्यात होती. सातवा महिना, आणि कावीळ. शेजारच्या पुतळाबाईनं माहेराहून, सुरंगीच्या रानातून, ही वेल आणून दिली होती. "बोटभर कांडी ठेचून उकळ, सकाळी एकदा दे. पोटुशी बाई आहे, जास्त नको," असं बजावलंही होतं. पण डोळ्यांतला पिवळा रंग हलेना, तेव्हा बोटाची वीत झाली, सकाळीबरोबर संध्याकाळही आली – थोड्यानं थोडा गुण येतो तर पुष्कळानं पुष्कळ का येऊ नये, कारखान्यात मशीन कुरकुरलं की तेल जास्तच घालतात ना... पुतळाबाईची वेल संपली तेव्हा खेरडीच्या वाटेवरच्या एका झाडावरून त्यानं स्वतःच तोडून आणली. पानं तशीच होती. तशीच... बहुतेक.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरचं काही दिलंत का? त्यानं मान हलवली होती. नाही.

आज खोलीवरून आल्याआल्या वॉर्डाच्या दारातच त्यानं उरलेली वेल त्यांच्यापुढे धरली. "बाई, हे दिलं. खूप दिलं."

त्यांनी कांड उलटंसुलटं पाहिलं. "गुळवेल वाटते. पण सारख्या दिसणाऱ्या वेली असतात, खात्रीनं नाही सांगता येणार मला."

"ह्यानंच बिघडलं का?"

"माहीत नाही. गरोदरपणातली कावीळ एरवीही अशी झपाट्यानं वाढते. ह्यानं भर पडली असेल, नसेलही. आता हे बंद. आम्ही देऊ तेवढंच."

माहीत नाही... त्या ओरडल्या असत्या तरी चाललं असतं. शिव्या खाऊन माणूस एका बाजूला तरी होतो. बाईंनी त्याला मध्येच उभं ठेवलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

सोनी झापडेत होती. सकाळपासून त्याला भाऊ समजून माहेरच्या, धुळ्याच्या गोष्टी बोलत होती म्हणे. तो टेकला तशी तिनं डोळे उघडले, ओळख पटली.

"ते कडू आणलं का? द्या ना माले."

"नाही. आता नाही द्यायचं."

"तुम्हीच म्हणत होते, त्यानंच उतरंल."

पेज उलटून पडायची, पण काढा ती डोळे मिटून पोटात ठेवायची. त्याला वाटायचं, मानवतोय तिला. ती त्याच्यासाठी पीत होती... आणि तो? ठेचताना, उकळताना, गाळताना छातीवरचा दगड हलका व्हायचा, तो कुणाच्या छातीवरचा? कडू तिच्या पोटात जात होतं आणि बरं त्याला वाटत होतं.

"उतरंल ना?" तिनं पुन्हा विचारलं.

आता करायला काही नव्हतं – आणि इतके दिवस हातांच्या घाईत मागं राहिलेली भीती येऊन शेजारी बसली. सोनीचा तापलेला तळवा हातात घेऊन तो नुसता तिच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघत राहिला, नजर न काढता, पहिल्यांदाच.