पाणी कधी आटलं

मी महाळुंग्यातल्या एका विहिरीवरचा साग बोलतोय. म्हणजे त्याची उरलेली एक चकती. बाकीच्या माझ्या चौकटी आणि फळ्या झाल्या.

मला कुणी लावलं नाही. काठावर उगवलो आणि मुळं खाली सोडली. विहीर सावळारामची. घरात तो आणि त्याची आई, गवराबाई. सन पन्नासचा पाऊस तुटक झाला, एक्कावन्नचा त्याहून. माझी मुळं कोरडी पडू लागली. सावळारामनं दोन्ही वर्षी मोटेचा दोर लांबवला, तेवढ्यावर भागलं.

बावन्नच्या वैशाखात छबू सून म्हणून आली. चऱ्होलीची, सतरा वर्षांची, फटकळ. पंधरा दिवसांत मोट रिकामी वर आली. तळाचा खडक उघडा पडला.

"पांढऱ्या पायाची आनली!" गवराबाई काठावर उभी राहून ओरडली. "आजवर या हिरीनं कदी दगा दिला न्हाई."

छबू म्हणाली, "आत्याबाई, चऱ्होलीच्या बी हिरी आटल्यात. तितं कुनाची सून आली व्हती?"

"त्वांड वर करून बोलती!"

सावळाराम बैल सोडत होता. दोर कधी लांबवला ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं बैल सोडले, पाणी पाजायला नदीकडं नेले.

मग बायकांनी छबूला हंड्याला हात लावू देणं बंद केलं. ज्येष्ठात तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. गाडी वाटेला लागली तरी ती मागं वळून बघत नव्हती.

पुढं पाऊस झाला, विहीर भरली. गवराबाई गावभर सांगत सुटली, "बगा, अवदसा गेली आन् पानी आलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सावळारामनं दुसरी बायको केली.

एकोणसाठ साली त्याला पिंपरीच्या एका कारखान्यात काम लागलं. नवं घर बांधायला त्यानं मला तोडलं. सोनबा सुतारानं बुंध्याची चकती तासकामाला ठोकळा म्हणून ठेवून घेतली. बावीस वर्षं माझ्यावर लाकडं ठेवून ती तासायला त्याचा वाकस चालला.

मग जुनं लाकूड शोधत पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या इंदुताई आल्या. जुन्या झाडांवरून जुना पाऊस शोधायचं त्यांचं काम. सोनबा म्हातारा झाला होता.

"लाकडात पाऊस कसा दिसतो, ताई?"

"काका, हवेतला कार्बन दोन जातींचा असतो, हलका आणि जड. पाणी असलं की झाड पानांची छिद्रं उघडी ठेवतं, हलका वेचून घेतं. पाणी तुटलं की छिद्रं मिटतं, मग आत अडकलेला जडही घ्यावा लागतो. खोडात दर वर्षी एक कडं वाढतं, ते प्रमाण त्या वर्षाच्या कड्यात तसंच राहतं."

सोनबानं माझ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "बावन्नच्या आदी पानी तुटलं व्हतं का, येवडं बगून सांगाल?" आणि त्यानं छबूची हकिगत सांगितली. "मान डोलावनाऱ्यात मी बी व्हतो."

इंदुताईंनी मला नेलं. सालीकडून, म्हणजे मला तोडलं त्या सालापासून मागं, कडी मोजली, एकेका कड्याचा भुगा काढून यंत्रात घातला. पन्नासचं कडं जड निघालं. एक्कावन्नचं त्याहून जड.

निकालाचा कागद घेऊन इंदुताई आणि सोनबा चऱ्होलीला गेले. मलाही पिशवीत घातलं होतं. छबूबाई भावाच्या ओसरीवर शेंगा फोडत होती. केस पिकले होते. सोनबानं सगळं सांगितलं, शेवटी हात जोडले.

"आत्याबाई हायेत?" तिनं विचारलं.

"कवाच गेली."

"आन् हे?"

"त्याला जाऊन दोन सालं झाली."

"मंग ह्यो कागूद वाचून कुनाला दावू, सोनबादादा?" ती म्हणाली. इंदुताईंकडं वळून तिनं मूठभर शेंगा पुढं केल्या. "खावा, बाई. लांबनं आलासा."

आता मी कपाटात आहे. अंगावर सात भोकं आणि एक नंबर. तपासायचं काही उरलं नाही, म्हणून सहसा कुणी काढत नाही. तुम्हाला एकच विनवणी. कोरड्या वर्षी घरात नवी सून आली, तर साक्षीसाठी माझ्यासारख्याची वाट बघू नका. झाडाला तोडल्याशिवाय बोलता येत नाही.