कानात वारं

तेजस्विनीनं पान्हा फिरवून मोटारसायकलच्या पुढच्या काचेचे चारही बोल्ट ढिले केले आणि काच दोन बोटं वर सरकवली.

"खांदे सैल सोड, दादा. असा ताठ बसलास तर माप चुकंल."

अमृत नव्या गाडीवर वरातीतल्या नवरदेवासारखा बसला होता. पंचेचाळिशी उलटल्यावर या माणसाला फिरस्तीचं वेड लागलं होतं. लांबच्या प्रवासाची दणकट मोटारसायकल, गुडघ्यांना पॅड, अंगात जाडजूड जॅकेट. सोमवारी ग्रुपबरोबर लेहला निघायचं होतं. गाडीची मूळची काच बुटकी, म्हणून बाहेरून उंच काच मागवलेली. समोरचं वारं अंगावर न येता डोक्यावरून जावं म्हणून. ती बसवून घ्यायला तो जुन्नरला तेजस्विनीच्या दुकानात आला होता, कारण असं काम नीट करणारं आसपास दुसरं कुणी नव्हतं. शिवाय, "तू काय, घरचीच," असं तो आल्या आल्या म्हणाला होता.

घरचीच! तेजस्विनीनं ते ऐकून घेतलं होतं आणि चहा सांगितला होता.

अमृत तिचा चुलतभाऊ. ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा वडिलांची मोटारसायकल घेऊन मंचरला कॉलेजला जायची. एकदा घोडेगावच्या रस्त्यावर अमृतनं तिला पाहिलं. ओढणी उडतेय, पोरगी एकटीच हसत सुसाट चाललीय. त्याच दिवशी ओट्यावर, सगळ्या चुलत्यांसमोर, त्यानं तिच्या वडिलांना सांगितलं, "तात्या, पोरीच्या कानात वारं शिरलंय. आत्ताच वेसण घाला, न्हाईतर हातची जाईल."

तात्या मान खाली घालून बसले. मोटारसायकल विकली गेली, बेल्ह्याच्या बाजारातून गाय आली, आणि पुढच्या लग्नसराईत तेजस्विनीचं लग्न झालं. डिप्लोमा राहिला तो राहिलाच. त्या गाईचं वासरू शेपूट वर करून अंगणात उधळलं की सगळे म्हणायचे, "बघा, तेजीसारखं कानात वारं शिरलंय," आणि खदाखदा हसायचे. माहेरी आलेली तेजस्विनी उठून चुलीपाशी जाऊन बसायची. नवरा भला निघाला, त्यानं आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानात तिला हात काळे करू दिले, हे तिचं नशीब. त्यात अमृतचं काही श्रेय नव्हतं.

आणि या माणसाला यातलं काहीएक आठवत नव्हतं. तिला राग होता तो त्याचाच.

तिनं लाल लोकरीचे धागे त्याच्या हेल्मेटला दोन्ही कानांपाशी चिकटवले.

"हे काय गं? नजर लागू नये म्हणून?"

"वारं दिसत न्हाई ना, म्हणून. धागे गप पडून राहिले तर काच बरोबर बसली. फडफडले तर वारं थेट डोक्यावर आदळतंय. तू पुढं चल, मी स्कूटरवरनं मागनं बघते."

बोल्ट तात्पुरते आवळून दोघं लेण्याद्रीच्या रस्त्यावर निघाले. काचेची वरची कड अमृतच्या नाकाच्या रेषेत होती. तिची नजर सहसा चुकत नसे. द्राक्षबागांच्या मधून गाडी वेग घेत गेली. धागे हेल्मेटला चिकटल्यासारखे गप होते.

दुकानापाशी परत आल्यावर अमृत खूश झाला. "आवाजच न्हाई गं! घरात बसल्यावानी वाटतंय."

झालं होतं काम. बोल्ट पक्के आवळायचे आणि निरोप द्यायचा. तेजस्विनी पान्हा घेऊन वाकली. वाकल्यावर तिला ओटा दिसला, तात्यांची मान दिसली.

"अजून जरा बारीक बघू," ती म्हणाली आणि काच तीन बोटं खाली घेतली, शिवाय थोडी मागे कलवली.

यानं कुणाचा जीव जात नाही. गाडी डगमगत नाही, ब्रेक हलत नाहीत. फक्त काचेवरून उडालेलं वारं नेमकं दोन्ही कानांवर येऊन थापडा मारत राहतं. लेहपर्यंत आणि लेहहून परत. खा म्हणावं आता.

दुसऱ्या फेरीत धागे वेड्यासारखे उडत होते. मागून बघताना तिला हसू आलं. कितीतरी वर्षांत आलं नव्हतं इतकं गोड हसू.

अमृतनं हेल्मेट काढलं तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. "तेजे, हे काय झालं? कानात नुसतं वारं शिरतंय गं!"

तिनं पान्हा उगीचच फडक्याला पुसला. हेच शब्द. त्याच्याच तोंडून.

"परत म्हण," ती म्हणाली.

"कानात वारं शिरतंय म्हटलं. डोकं गरगरतंय."

"नवी काच हाय, दादा. होईल सवय."

"व्हय?" त्याला पटलं. गाडीतलं त्याला कळत नव्हतं आणि तेजस्विनीवर त्याचा विश्वास होता. तो खुर्चीत बसला आणि कान चोळत राहिला.

इतका वेळ त्याची मुलगी आरती काउंटरला टेकून उभी होती. वडिलांबरोबर आलेली, त्यांचे हातमोजे सांभाळत. ती पुढे आली आणि गाडीच्या टाकीवर हात ठेवून म्हणाली, "पप्पा, मी एक चक्कर मारू?"

"तू?" अमृत हसला. "तुझ्या कानात वारं शिरलंय का?"

आरतीनं हात काढून घेतला.

तो तेजस्विनीकडे वळून, घरच्या माणसाला सांगावं तसं सांगू लागला, "लेहवरनं आलो की पावणं येणार हायेत हिला बघायला. शेवटचं वर्ष हाय, पण स्थळ चांगलंय. शिक्षण काय, नंतर करील."

तेजस्विनीच्या तोंडातली मघाची गोडी कडू झाली. कशाचा सूड उगवला तिनं? याचे कान दुखतील, घरी येऊन तो झेंडू बाम चोळील आणि त्याच तोंडानं पाहुण्यांना बैठकीत बसवील. छे! हा काय सूड झाला?

"आरती, इकडं ये. बस गाडीवर."

"तेजे, अगं..."

"दादा, तुला सोमवारी निघायचंय ना? वारं का शिरतंय ते तुझ्या डोळ्यांनी बघ एकदा. चालवणाऱ्याला धागे दिसत न्हाईत. ती चालवंल, तू माझ्या मागं बस."

"तिला कुठं येतीय एवढी मोठी गाडी!"

"येते," आरती खाली बघून म्हणाली. "मैत्रिणीची बुलेट चालवते मी. लायसनपण हाय."

"लायसन? कवा काढलंस?"

आरती गाडीवर चढून बसली. तेजस्विनीनं दुकानातलं हेल्मेट तिच्या डोक्यात घातलं, पट्टा आवळला, अमृतच्या हेल्मेटवरचे धागे काढून या हेल्मेटला कानांपाशी लावले. मग काचेकडे वळली. आरती बापापेक्षा बरीच ठेंगणी. तेजस्विनीनं वाकून तिच्या नाकाची रेष पाहिली, काच अजून एक बोट खाली घेतली, कल सरळ केला. चारही बोल्टांना निळं औषध लावलं; ते वाळलं की बोल्ट आपोआप ढिले होत नाहीत. मग दात-ओठ खाऊन तिनं ते एकेक करून आवळले.

"हात सैल," ती आरतीच्या कानाशी म्हणाली. "नजर लांब. भ्यायचं न्हाई."

"आत्या, कुठपर्यंत जाऊ?"

"लेण्याद्रीच्या फाट्यावरनं वळ. वळावंसं वाटलं तर."

अमृत स्कूटरवर मागे बसला. आयुष्यात तो कधी बाईच्या मागे बसला नव्हता. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, शेवटी त्यानं मागची दांडी धरली. बाजाराकडून येणाऱ्या कुणीतरी ओळखीच्यानं "अमृतशेठ!" म्हणून हाक मारली, तेव्हा त्यानं मान दुसरीकडे फिरवली. तेजस्विनीनं मुद्दामच स्कूटर जरा हळू केली.

आरती सुरुवातीला जपून चालली. मग गिअर पडला, पुन्हा पडला आणि गाडी मोकळी सुटली. नदीचा पूल गेला. स्कूटरचा कान पिळून पिळून तेजस्विनी तिला गाठत होती. मागे अमृत काहीतरी ओरडत होता.

"काय?"

"हळू चालवाय सांग तिला!"

"मोठ्यानं बोल, दादा. वारं लई हाय."

फाटा आला. आरतीनं वेग जराही कमी केला नाही. सरळ पुढे, गणेशखिंडीच्या दिशेनं गेली.

"तेजे! ती वळली न्हाई गं!"

तेजस्विनीनं बोट पुढे केलं. उन्हात हेल्मेटवरचे दोन लाल ठिपके लांब लांब जात होते.

"धागे बघ, दादा," ती म्हणाली. "एकबी हलंना."