वरून कोरडी

हेमराजनं लिव्हर खाली ओढला. ट्रेलरच्या सगळ्यात मागच्या एक्सलच्या एअर बॅगांमधली हवा फुस्सकन सुटली आणि त्या चाकांवरचं ओझं उतरलं.

"आता काट!" तो ड्रायव्हरला ओरडला.

पाठीवर हार्वेस्टर घेतलेला तो लांबलचक ट्रेलर बोरसी गावापलीकडच्या शेताच्या चिंचोळ्या तोंडाशी बैलगाडीसारखा वळला. बांधाला चाक घासलंसुद्धा नाही. बांधाजवळ उभ्या त्याच्या बायकोनं, हर्षानं, कडेवरच्या लेकीला, खुशबूला, उगाच घट्ट धरलं.

स्टील प्लांटमधलं ठेक्याचं काम सुटल्याला पाच महिने झाले होते. तेव्हापासून हेमराज हथखोजच्या कारखान्यांमधल्या एका शेडमध्ये हा हवा सोडायचा एक व्हॉल्व्ह बसवत होता, काढत होता, पुन्हा बसवत होता. आज ट्रेलर शेतात जाऊन सुखरूप बाहेर आला, की ट्रेलरचे मालक कृष्णराव आपले बाराही ट्रेलर हा व्हॉल्व्ह बसवायला त्याच्याकडे देणार होते. नाही तर सोमवारी तो कामासाठी ओडिशाला निघणार होता. एकटा.

"वळला ना बाप्पा!" कृष्णराव म्हणाले. "आमच्या ड्रायव्हरपेक्षा तुया ट्रेलरले जास्त अक्कल हाय."

हेमराज हसला. खुशबूनं त्याच्याकडे हात केले.

मग पलीकडच्या उभ्या धानाकडे जायला ट्रेलर शेतात शिरला. धान कापून झालेली जमीन, वरून पांढरट, भेगाळलेली. दहा पावलांवर ती पापडासारखी मोडली. तीन एक्सलांचं वजन दोनांवर आलेलं. चाकं खालच्या काळ्या चिखलात अर्धी रुतली. हेमराजनं धावत जाऊन हवा परत भरली. बॅगा फुगल्या. ट्रेलर हलला नाही.

"खाली अजून ओल हाय रे," कृष्णराव म्हणाले. आवाजात आता थट्टा नव्हती. "जमीन कोणं पाह्यली होती?"

हर्षाचे सासरे हिरालाल बांधावर उभे होते. भंडाऱ्याकडची शेती सोडून ते प्लांटमध्ये लागले, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. जमीन पाहायला हेमराजनं काल त्यांनाच पाठवलं होतं. बाबा शेतीतले, त्यांना समजते म्हणून. संध्याकाळी परत आल्यावर ते म्हणाले होते, "बिनधास्त ने. पक्की हाय."

त्यांचे ओठ हलले.

"मी पाह्यली," हेमराज म्हणाला. "मलेच नाही समजलं."

"प्लांटच्या फरशीवर वाढलेले तुमी," कृष्णराव म्हणाले, आणि क्रेनसाठी फोन लावत सडकेकडे चालू लागले. "राहू दे आता. बाकीचे नको."

हेमराज चाकाजवळ उकिडवा बसून हातानंच चिखल काढू लागला.

हिरालाल बांधावर टेकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. रिटायर होताना घरी आणलेले ते जाड बूट. काल संध्याकाळी दारात हर्षानंच ते आपटून झाडले होते. सडकेची धूळ निघाली होती, बस. शेताच्या मातीचा एक कण नव्हता. धुवायचं काम वाचलं म्हणून तिला बरंच वाटलं होतं.

हिरालाल अनवाणी शेतात उतरले. त्यांनी टाच दाबली. पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"बाबा, बाहेर या ना," हर्षा म्हणाली.

"थांब, पोरी," ते खाली बघत म्हणाले. "जमीन पाहून राहिलो."