बाळासोच्या गाडीचं डिझेल पितं कोण?

हे कुणाला खरं वाटायचं नाही, आणि पहिल्या फटक्यात ज्याला खरं वाटेल तो माणूस कडेगावचा नसणार, एवढं लिहून देता येईल. बाळासोची गाडी इतकी उंच झाली होती की ती रंगुबाईच्या चहाच्या टपरीसमोर उभी राहिली, की टपरीत भर दुपारी दिवा लावावा लागे. गाडीत बसायला नारळ उतरवायची शिडी लागायची. मागच्या चाकाच्या पोकळीत एका मांजरीनं पिल्लं घातली. ती पिल्लं चाकासकट तासगावचा बाजार करून परत आली आणि एकालाही चक्कर आली नाही. मांजरीला मात्र थोडी आली.

हा सगळा उद्योग झाला मेहुण्यामुळं. वाईचा मेहुणा अर्जुना एका लग्नाला उंच गाडी घेऊन आला, आणि त्याच्याशी बोलताना बाळासोला मान वर करावी लागली. दीडशे टन ऊस घालणारा माणूस मेहुण्याकडं मान वर करून बघणार? दुसऱ्या दिवशी बाळासोची गाडी साताऱ्याच्या अलीकडं हायवेवरच्या एका गॅरेजात गेली. स्प्रिंगा बदलल्या, बॉडी उचलली, कमरेला लागतील असे टायर घातले. पुढं लोखंडी बंपर, मागं लोखंडी बंपर, पुढच्या बंपरात गाडी ओढायचं चक्र, टपावर लोखंडी जाळी आणि त्या जाळीवर तसलाच आणखी एक टायर. गाडी अशी नटून गावात आली आणि तेराचं मायलेज आठावर आलं.

गाडी चालवायची निजामनं. निजाम आणि बाळासो एका शाळेत, एका बाकावर, एकाच मास्तरच्या छडीखाली वाढलेले. मोहरमात ताबुताच्या एका बाजूला निजामचा खांदा असला तर दुसऱ्या बाजूला बाळासोचा असायचाच. म्हणून तर त्या दिवशी रंगुबाईच्या टपरीवर, भरल्या माणसांत, बाळासो जे बोलला ते निजामच्या कानात शिरेपर्यंत वेळ लागला.

"तेराची आठ झाली. मधलं पाच काय वाऱ्यावर गेलं? डिझेलचोर हायस तू, निजाम्या!" असं म्हणून त्यानं बाकड्यावर असा हात आपटला की चार कप खाली पडले.

निजाम तसाच उठला. घरी गेला, जेवला नाही. सकाळी बघतो तर बायको अकिला धुण्याला घेतलेला त्याचा शर्ट नाकाशी धरून उभी. त्याला बघताच तिनं शर्ट बादलीत टाकला. ड्रायव्हरच्या शर्टाला डिझेलचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार? पण तिनं हुंगला होता. तिथंच निजामच्या डोक्यात जी ठिणगी पडली ती विझली नाही. आज बायकोनं शर्ट हुंगला, उद्या गाव हुंगणार. लग्नसराईत लोक आपली गाडी, आपल्या लेकीबाळी त्याच्या हवाली करत. चोराच्या हातात कोण किल्ली देणार?

त्या दिवसापासून त्यानं बाळासोला 'बाळासो' म्हणणं सोडलं.

"मालक," तो म्हणायचा, "फिल्टर बदलून आनलाय, मालक. जुना बघून घ्या, न्हाईतर म्हनशीला त्यो बी इकला."

"मालक कुनाला म्हनतोस रं?"

"ज्याच्यात चोरी हुती त्याला मालकच म्हनत्यात."

फिल्टर बदलून काही झालं नाही. टायरात हवा कमी निघाली. ती भरली, तर मायलेज तसूभर हललं आणि बसलं. डिझेलची नळी गळतेय का म्हणून गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. कागद कोरडाच राहिला. मग बाळासोनं टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. ते कुलूप एवढं दांडगं होतं की नुसत्या त्याच्या वजनानं मायलेज आणखी पाव किलोमीटरनं घसरलं.

"आता?" निजाम ओरडला. "किल्ली तुमच्या कमरंला. आता कोन चोरतंय? वैनी?"

"तू खालनं नळी लावत असशील!"

"मी खाली झोपतो, नळी तोंडात धरतो आनि मुलगी बघायला गेल्यागत बशी बशीनं पितो! व्हय ना?"

शेवटी बेदाण्याचा व्यापारी सिद्धू मध्ये पडला. सिद्धूकडं हीच गाडी होती, शोरूममधून आली तशी. पांढरी, बुटकी, एकही लोखंड जास्त न लावलेली. "वजन करा की," तो म्हणाला. "माझी घाला, तुमची घाला, काट्यावर काय ते दिसंल."

वजनकाटे कडेगावाजवळही होते, पण त्या सगळ्यांशी बाळासोचं उसावरून भांडण झालेलं. भांडण न झालेला काटा थेट तासगावच्या अंगाला निघाला. दोघांनी एकाच पंपावर टाक्या गळ्यापर्यंत भरल्या आणि ईर्ष्येनं दोघांनी किलोमीटरचं घड्याळ शून्यावर आणलं. पुढं सिद्धू, मागं निजाम, निजामशेजारी बाळासो.

काट्यावर आधी सिद्धूची गाडी चढली, मग बाळासोची. बाळासोची साडेतीन क्विंटलनं जड भरली. काटेवाल्यानं परत घालून बघितली. तेवढीच.

बाळासोच्या तोंडावर रक्त चढलं. "काटा चोर हाय तुजा! काटा मारतोस!"

काटेवाला पिकल्या मिशांचा गडी, त्यानं कपाळावर हात मारला. "आवं, ऊस घातला की म्हनता काटा कमी दावतोय, गाडी घातली की म्हनता जास्त दावतोय. काट्यानं जगायचं कसं ते तरी सांगा!"

"साडेतीन क्विंटल!" निजाम काट्यावरून उतरवलेल्या गाडीभोवती फिरत प्रत्येक लोखंडावर थाप मारत होता. "ह्यो बंपर. ह्यो दुसरा. ही जाळी. ह्ये चक्कर. कवा लावलंस रं ह्ये चक्कर, कुनाला वडलंस? मेहुन्याच्या समोर छाती काढायला चार माणसं रोज टपावर बसवून हिंडतोस, आनि त्यांचं डिझेल माज्या नावावर!"

मालक गेला होता, 'रं' परत आला होता. पण बाळासोला ते कळलं नाही. तो सिद्धूच्या खिडकीत वाकून घड्याळ बघत होता.

"छत्तीस," तो म्हणाला. मग शिडी लावून आपल्या गाडीत चढला. "माजं एकतीस! बघा! रस्ता एक, निघालो बरूबर, पोचलो बरूबर आनि माजी गाडी पाच किलोमीटर कमी पळाली. माज्या गाडीखाली रस्ता आकसतोय!"

निजाम जागच्या जागी थांबला. शेजारी उसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर काट्यावर चढत होता. त्याची पुढची बारकी चाकं गरगर फिरत होती आणि मागची थोरली रेड्यासारखी सावकाश. दोन्ही जात होती तेवढीच.

"आरं गाढवा," निजाम म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका चढला की ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. "रस्ता कसला आकसतोय! घड्याळ चाकाचं फेरं मोजतंय. चाक केलंस थोरलं, फेरं झालं कमी. घड्याळाला वाटतंय आजून जुनंच चाक हाय. गाडी पळती छत्तीस, तुला दिसत्यात एकतीस, आनि त्या एकतीसला तू डिझेलनं भागतोस. जे डिझेल गेलं ते लोखंडानं, टायरानं खाल्लं. आनि जे गेलंच न्हाई ते तुज्या घड्याळानं खाल्लं. मी काय खाल्लं? बोल! मी काय खाल्लं?"

बाळासो वर बसून होता. खाली उतरायला शिडी लागत होती आणि शिडी निजामनं उचलून हातात धरली होती. सिद्धूनं मग ती हळूच काढून घेतली आणि लावली.

गाड्या कडेगावला परतल्या. निजामला काही फार नको होतं. चार माणसांत बोललास, चार माणसांत एकदा म्हण: निजाम चोर न्हाई. बास. तेवढ्यासाठीच तो रंगुबाईच्या टपरीसमोर गाडी थांबवून खाली उतरला आणि दाराला टेकून उभा राहिला. टपरीत माणसं होती. बाळासो शिडीवरून उतरला, मिशीवरून हात फिरवला आणि बाकड्यावर बसला.

"काय झालं, बाळासो? घावला का चोर?" कुणीतरी विचारलं.

"घावनार न्हाई तर काय!" बाळासो म्हणाला. निजामनं मान वर केली. "आरं, गॅरेजातनं गाडी भाईर आली तवाच मी वळिकलं. म्हनलं, ह्या टायरानं घड्याळ चुकनार. वजन बी वाढलंय. पन पुराव्याबिगर बोलायचं न्हाई, ही आपली रीत. म्हनून ह्या सिद्धूला घेतलं, तासगावला नेलं. काटेवाला माजे पाय धरायला लागला, म्हनला, बाळासो, तुमच्यागत डोकं जिल्ह्यात न्हाई. सातारा धरून न्हाई! निजामला सुदा मीच समजावून सांगितलं ट्रॅक्टरचं चाक दावून."

लोक माना हलवत होते. निजाम वाट बघत होता, अजूनही.

"आनि निजामचं म्हनाल," बाळासोनं कप उचलला, "तर त्येच्यावर मी जल्मात कवा संशय घेतला न्हाई. मनात सुदा आला न्हाई. आमी एका बाकावरची पोरं!"

चहा गाळता गाळता रंगुबाईचा हात थांबला. गाळणं तिनं दाणकन पातेल्यावर ठेवलं.

"खोटं!" ती म्हणाली. "ह्याच बाकड्यावर हात आपटून डिझेलचोर म्हनलास तू त्येला. साऱ्या गावानं ऐकलंय."