पुलापाशी कोण ओरडलं

जेमेली शर्यतीत अकरावी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत केनियातल्या इटेन गावात प्रत्येकाला तिचं कुठे चुकलं ते तिच्यापेक्षा जास्त कळलं होतं. दूधवाला म्हणाला, हात फार हलत होते. टपरीवाल्याने चहा गाळता गाळता तिच्या श्वासाची चिरफाड केली. या गावात ज्याने त्याने कधी ना कधी एखादी शर्यत मारलेली, त्यामुळे गप्प बसायला कोणाला सवडच नाही. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात तिडीक गेली होती.

घरात तर दरबारच भरला होता. नवरा होसिया, तोच तिचा कोच, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून मधल्या खुर्चीत बसला होता. समोर शेजारचे किमुताई काका आणि त्यांची बायको. कोपऱ्यात सासूबाई, मांडीवर मुर्सिकने भरलेला वाळक्या भोपळ्याचा बुधला घेऊन. शर्यतीहून परतणाऱ्याला पाजायचं हे आंबट, कोळशाने करडं झालेलं दूध त्यांनी सुनेसाठी कितीतरी दिवस आधी लावून ठेवलं होतं.

"हजारदा सांगितलं हिला, अर्ध्यापर्यंत मागे राहा," होसिया म्हणत होता. "ऐकेल तर शपथ. पुलापाशी सुटली ती सुटलीच. मग शेवटच्या चढाला पायांत जीव कुठून येणार?"

"आमच्या वेळी कोचचा शब्द म्हणजे शब्द," काका म्हणाले.

सासूबाईंनी भोपळ्याचं झाकण काढलं तसा होसियाने हात आडवा केला. "थांब, आई. ते जिंकणाऱ्याचं असतं. अकराव्या नंबराला पाजलंस तर गाव हसेल."

शेवटच्या चढावर जेमेली चक्क चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा. ती लाज तिची होती आणि ती तिने कालच मुकाट्याने गिळली होती. पण पुलापर्यंत ती मागच्या घोळक्यात कशी मजेत पळत होती, हे तिच्या छातीला ठाऊक होतं.

"पुलापाशी कोण ओरडलं?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?"

"'पकड तिला, जेमेली, सोडू नकोस.' कोण ओरडलं?"

"मी 'सांभाळून' म्हणालो."

"सांभाळून? तुझ्या गळ्याच्या शिरा मोजता आल्या असत्या मला."

"आई शेजारीच होती माझ्या. आई, सांग हिला."

जेमेलीने सासूबाईंकडे पाहिलं. चार लोकांत पोटच्या मुलाला कोण खोटं पाडतं? त्या 'सांभाळून' म्हणाल्या की संपलं. मग सून ऐकत नाही हेच या घरात कायमचं खरं ठरणार, आणि पुढची प्रत्येक शर्यत होसियाच्या घशाच्या तालावर.

"हा ओरडला," सासूबाई म्हणाल्या. "'पकड तिला' असंच म्हणाला. मीपण ओरडले. आणि हे किमुताई तर कठड्यावर चढले होते, बायकोने मागून पॅन्ट धरली होती म्हणून नदीत पडले नाहीत. सगळे ओरडलो आपण. आता बसलोय शहाणे होऊन."

काकांनी टोपी काढून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

जेमेलीला बरं वाटलं नाही, उलट संताप दुप्पट झाला. एक नाही, सगळेच. तिने होसियाच्या गळ्यातलं स्टॉपवॉच काढून स्वतःच्या गळ्यात घातलं. सासूबाईंनी पेला भरून पुढे केला होता. तो घेऊन तिने उभ्या उभ्या अर्धा संपवला.

"पुढच्या शर्यतीत वेग मी ठरवणार," ती म्हणाली. "तुम्ही पुलापाशी खुशाल या. फक्त येताना हे दूध आणा आणि एकेक घोट तोंडात धरून उभे राहा. मी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत गिळायचा नाही."

"काहीतरीच तुझं," होसिया म्हणाला.

तिने अर्धा पेला त्याच्या हातात दिला. "घे. आजपासून सराव."

त्याने आईकडे पाहिलं. आई काकांसाठी पेला पुसत होती. शेवटी त्याने घोट घेतला, गाल फुगवून बायकोकडे बघत बसला, आणि गिळू का हे विचारायलाही त्याला तोंड उघडता येईना.