कोणता वाण तोडायचा

घरच्या रेड वाइनसाठी कोणत्या वाणाची द्राक्षं तोडायची, हे आमच्याकडे बाबांची जीभ ठरवते. मणी चाखून ते सांगणार आणि मी कात्री चालवणार.

आज जाड सालीच्या काळ्या द्राक्षांपाशी त्यांनी आधी एक मणी माझ्या तोंडात घातला, मग एक स्वतःच्या. "तयार आहे," म्हणाले. पुढचा तांबूस वाण इतका आंबट, की माझं तोंडच वाकडं झालं. "हा अजून कच्चा." दोन्ही वेळा बरोबर. पण चावताना त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती.

मला एक शंका चाटून गेली. काहीतरीच मनात आणतेस, म्हणून मी स्वतःवरच चिडले. तरी चैन पडेना. शेवटच्या ओळीत तिसरा वाण होता. त्याचा मणी मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवून चावला. दात आंबले, पण भुवईसुद्धा हलू दिली नाही. दुसरा मणी बाबांना दिला.

त्यांनी चावून बी थुंकली. हिरवीगार बी. बी हिरवी म्हणजे द्राक्ष कच्चं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडेच बघत राहिले.

"कसा आहे, बाबा?"

"अगं, असं काय करतेस," ते हळूच म्हणाले. "तोंड वाकडं कर, नाहीतर हस. काहीतरी कर गं."