गळ्याची शपथ

क्षितिज बुद्धाला दुसरी फेरी घालून परत आला, तेव्हा सुप्रभाताई दगडी बाकावर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होत्या.

“प्रदक्षिणा पुरी झाली का?” त्यांनी विचारलं.

“दार कुठे दिसत नाही, आई. बहुतेक बंद केलंय.”

तो असं म्हणत असतानाच एक बाई दोन मुलांना घेऊन पुतळ्याच्या कुशीतून, मान खाली घालून बाहेर आली. मागोमाग आणखी एक जोडपं. क्षितिजने तिकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

जपानमधल्या कामाकुराचा हा बुद्ध सुप्रभाताईंना पाठ होता. आतून पोकळ आहे, पोटात शिरता येतं, पाठीला दोन खिडक्या आहेत. गेल्या वर्षी एका रविवारी क्षितिजने फोनवर सगळं सांगितलं होतं. कोथरूडच्या भिशीत त्यांनी ते जसंच्या तसं ऐकवलं होतं. वर हेही, की आमचा क्षितिज त्सुकुबाला नुसता प्रयोगशाळेत कुजत नाही, देश बघतो. आणि काल निक्कोला, तिथेही जाऊन आलोय म्हणणारा तोच मुलगा देवळाकडे जाणारी बस कुठली, हे पोलिसाला विचारत होता. काल त्यांनी मनाची समजूत घातली होती, पोरगा विसरला असेल.

“क्षितिज, तू इथे कधी आलेला नाहीस.”

आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं, तसं त्या म्हणाल्या.

तो शेजारी बसला. खिशातून रेल्वेचं कार्ड काढून उलटसुलट करू लागला.

“निक्कोलाही नाही,” तो म्हणाला. “सगळं इंटरनेटवरून वाचून सांगायचो.”

“मग शनिवार-रविवार असायचास कुठे? मुलगी आहे का कोणी? असली तर सांग, मी काही तिला खाऊन टाकणार नाही.”

“मुलगी असती तर सोपं झालं असतं.” तो हसला नाही. “उत्तरेला जायचो.”

सुप्रभाताईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

भूकंप झाला, समुद्र गावांत शिरला, त्यापाठोपाठ त्या अणुभट्टीच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा त्याला परत बोलवायला त्यांनी जिवाचं रान केलं होतं. तो ऐकेना. शेवटी तोडगा निघाला. राहा, पण त्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे. त्यावर तो फोनवर “बरं” म्हणाला होता. ते “बरं” त्यांना अजून ऐकू येत होतं.

“विद्यापीठाची बस जायची,” क्षितिज सांगू लागला. “किनाऱ्यावरच्या एका गावात. चिखलातून निघालेले लोकांचे फोटो तिथल्या शाळेत आणून ठेवलेत, पेट्याच्या पेट्या. ते गार पाण्यात धुवायचे, मऊ ब्रशने, कडेपासून हळूहळू. मग चिमटे लावून दोरीवर वाळत घालायचे. माणसं येतात, शोधतात. सापडला तर घेऊन जातात.”

“आणि ते किरण?”

“मोजायचो. यंत्र असायचं बरोबर. त्या गावात फारसं काही नव्हतं.”

“जायचो, मोजायचो. आता नाही जात?”

“तू श्रावणात पडलीस ना,” तो कार्डाकडे बघत म्हणाला. “मनगट मोडलं. त्यानंतर नाही गेलो.”

सुप्रभाताईंना कळायला थोडा वेळ लागला.

“अरे, न्हाणीघरात साबण पडला होता. शपथ नव्हती पडली. धातुशास्त्रात पीएच.डी. करतोस ना रे तू?”

“करतो. पण बाबांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. हातात कोणाचा तरी ओला फोटो होता.”

पिवळ्या टोप्या घातलेली शाळेची मुलं समोर ओळीने उभी राहत होती आणि त्यांच्या बाई मागे मागे सरकत कॅमेऱ्यात सगळ्यांना बसवत होत्या.

“डिसेंबरात ते काम बंद होणार,” क्षितिज म्हणाला. “उरलेल्या पेट्यांचं काय करतील, माहीत नाही. ओगावा-सान म्हणून एक आजी आहेत. दर शनिवारी येऊन पेट्या चाळतात. नातीचा एकही सापडलेला नाही. त्यांना काही न सांगताच मी जायचा थांबलो.” मग लहानपणी खेळात शपथ घातली की ज्या सुरात विनवायचा, त्याच सुरात तो म्हणाला, “सुटली म्हण ना, आई.”

त्या म्हणाल्या नाहीत. साडीच्या निऱ्या गुडघ्यांवर सारख्या करत राहिल्या.

“पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत होतो,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे. भांडी वाहून गेली, शिवणयंत्र गेलं, मांजर माळ्यावर सापडलं.”

“तेवढंच सांगते मी नेहमी.” त्या थांबल्या. “तुला आणखी एक मावशी होती. सुचित्रा. माझ्या पाठची. आदल्या वर्षी घटसर्पाने गेली, तीन वर्षांची होती. तिचा एकच फोटो होता. पाणी ओसरल्यावर कोनाड्यात सापडला, चिखलाने माखलेला. माझ्या आईने घाईघाईने पदराने पुसला.”

क्षितिजचा हात थांबला. “ओला असताना पुसायचा नसतो, आई.”

“तेव्हा कोणाला ठाऊक होतं? सगळा चेहरा पदरावर आला. फ्रॉक तेवढा राहिला. त्यानंतर आईने घरात तिचं नाव काढलं नाही, मग आम्हीही नाही.”

मुलांचा फोटो काढून झाला होता. ओळ मोडून ती इकडेतिकडे पळाली.

“दिसायला कशी होती?” क्षितिजने हळूच विचारलं.

सुप्रभाताईंनी सांगायला तोंड उघडलं. हात कपाळापर्यंत गेला, केसांपाशी घुटमळला आणि परत मांडीवर आला.

“कुरळे केस होते,” त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, “होते असं वाटतं. खात्री नाही रे.”

त्याने कार्ड खिशात ठेवलं.

“सुटली,” त्या म्हणाल्या. “शनिवारी जा तू.”